एकट्याचे अन्न

मराठीत ‘चूल वेगळी होणे’ म्हणजे घर फुटणे. ‘बिचारा हाताने करून खातो’ या वाक्यातली कणव तर सर्वांच्या परिचयाची आहे. एकट्याने स्वतःपुरते शिजवावे, ही गोष्ट आपल्या भाषेला अजूनही आपत्तीच वाटते. नोकरीनिमित्त छत्रपती संभाजीनगरात एकटे राहू लागल्यावर आम्ही विजेवर चालणारा एक लिटरचा कुकर ऑनलाइन मागवला, तेव्हा ही कणव आमच्याही वाट्याला आली. त्या निमित्ताने या लहानशा भांड्याचा इतिहास तपासावासा वाटला.

घराबाहेर पडलेल्या विद्यार्थ्याच्या जेवणाची जुनी महाराष्ट्रीय व्यवस्था म्हणजे माधुकरी, किंवा वार लावून जेवणे. सात वारांची सात घरे. तिच्यावर शिकून मोठ्या झालेल्यांच्या कृतज्ञ आठवणींनी आपले आत्मचरित्रपर वाङ्मय समृद्ध आहे. परंतु ही सात दारे जात पाहून उघडत. ज्यांच्यासाठी एकही दार उघडणार नव्हते, त्यांचे काय? १९२० ते १९२३ या काळात लंडनमध्ये शिकताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रात्रीची भूक भाजलेल्या पापडांवर भागवल्याचे त्यांच्या चरित्रात येते. त्यांच्याच पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली या शहरात महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद म्हणून ओळखले गेले. नागसेनवनातील वसतिगृहांचे महत्त्व केवळ निवाऱ्याचे नव्हते. खेड्यातून आलेल्या मुलाला कोणाच्या ओसरीवर न बसता जेवता येणे, हीही शिक्षणाची पूर्वअटच होती. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाल्यावर शहरात विद्यार्थी वाढत गेले. खोली, रॉकेलचा स्टोव्ह आणि एक पातेले, हा अनेकांचा संसार झाला. त्या स्टोव्हच्या फरफरीत दैन्य होते, तसे स्वातंत्र्यही होते.

यंत्राचा प्रवास याला समांतर आहे. डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० साली बंगालमध्ये ‘इकमिक कुकर’ तयार केला. एकावर एक डबे, तळाशी पाणी आणि निखारे. वरण, भात, भाजी वाफेवर आपोआप शिजत. लक्ष ठेवायला घरात दुसरे माणूस नसले तरी चाले. जपानमध्ये तोशिबा कंपनीने १९५५ साली विजेवरचा स्वयंचलित भातकुकर बाजारात आणला. त्यामागचे तत्त्व साधे आहे: पाणी असेपर्यंत तापमान शंभर अंशांच्या आसपास थांबते, ते संपताच उष्णता वाढते आणि कळ आपोआप बंद होते. पूर्वी चुलीपाशी बसलेली बाई जे ध्यान ठेवी, ते काम आता धातूचा लहानसा तुकडा करतो. घराघरांत या ध्यानाची किंमत कधी मोजली गेली नव्हती, हे एकट्या पुरुषाला कुकर घेतल्यावर कळते. आम्हालाही तसेच कळले.

मात्र येथे एक अडचण आहे. हे यंत्र भाताच्या देशात जन्मले, मराठवाडा ज्वारीचा. भाकरीला हात, तवा आणि जाळ लागतो. ती थापून लगेच भाजावी लागते. आमच्या कुकरात भात होतो, खिचडी होते, डाळ शिजते. भाकरी होत नाही. परिणामी ज्या मुलखात भाकरी हेच जेवण, तेथे एकटा राहणारा माणूस खिचडीवर येऊन ठेपतो. भाकरी हवी तर खानावळ गाठावी, नाहीतर कोणाच्या तरी श्रमाचा डबा लावावा.

म्हणजे स्वावलंबनाची हद्द यंत्राने वाढवली, पण पुसली नाही. तरीही आम्हाला हा कुकर आपत्तीची खूण वाटत नाही. तो घेताना कोणी आमची जात विचारली नाही, की कोणाचा वार चुकवल्याचा संकोच वाटला नाही. ‘हाताने करून खातो’ हे वाक्य ज्यांना कणवेने ऐकावे लागले त्यांच्याइतकेच, ते अभिमानाने उच्चारण्याची संधी ज्यांना प्रथमच मिळाली, त्यांचेही आहे. आपल्या खाद्यसंस्कृतीच्या इतिहासात या दुसऱ्या आवाजाला पुरेशी जागा मिळायला हवी.