घरी अॅम्प्लिफायर बनवताय? मग ‘ड्राय सोल्डर’ ओळखायला शिका

टीडीए २०३० हा पाच पायांचा आयसी, थोडे कपॅसिटर-रेझिस्टर, हीटसिंक आणि ट्रान्सफॉर्मर. घरच्या स्पीकरसाठी एवढ्यावर अॅम्प्लिफायर तयार होतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हे सगळं सामान मिळतं. पण जोडल्यावर कधी नुसती घरघर येते, कधी आवाज येतो-जातो. अशा वेळी आयसी बदलण्याआधी सांधे तपासा.

सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं पुरतं. तापमान बदलता येत असेल तर ३२० ते ३५० अंश सेल्सिअस ठेवा. सुईसारख्या टोकापेक्षा चपटं टोक बरं, उष्णता लवकर पोहोचते. सोल्डर वायर ६०/४० घ्या, म्हणजे ६० टक्के कथील, ४० टक्के शिसं आणि पोटात रोझिन फ्लक्स. नळजोडणीचं अॅसिड फ्लक्स मात्र अजिबात नको, ते तांबं खातं.

आयर्न पाय आणि पॅड दोघांना एकदम टेकवा. एक-दोन सेकंदांनी तार सांध्याला लावा, आयर्नच्या टोकाला नाही. आधी तार काढा, मग आयर्न. गार होईपर्यंत काही हलवायचं नाही. चांगला सांधा चकचकीत, पायाकडून पॅडवर उतरत गेलेला दिसतो. मळकट किंवा नुसता गोळा दिसला, तर तो ड्राय सोल्डर. थोडं फ्लक्स लावून पुन्हा तापवा.

आता सगळ्यात महाग पडणारी चूक. या आयसीची धातूची पाठ आतून तिसऱ्या पायाला, म्हणजे निगेटिव्ह सप्लायला जोडलेली असते. ड्युअल सप्लाय वापरत असाल आणि हीटसिंक ग्राउंड केलेल्या डब्याला टेकला, तर थेट शॉर्ट! मधे मायका आणि स्क्रूला प्लास्टिकचा बुश हवाच. मल्टिमीटरने खात्री करा.

पहिल्यांदा चालू करताना २३० व्होल्टच्या लाइनमध्ये ४० किंवा ६० वॅटचा जुना फिलामेंट बल्ब सिरीजमध्ये घ्या (एलईडी चालणार नाही). क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भक्क पेटून राहिला तर शॉर्ट आहे, लगेच बंद करा. स्पीकर अजून लावू नका. ड्युअल सप्लायमध्ये आउटपुटवर डीसी व्होल्टेज शून्याच्या जवळपास हवं. काही व्होल्ट दिसले तर स्पीकरची कॉइल जळू शकते.

धूर रोझिनचा असतो, तरी खिडकी उघडी ठेवा. शिसं हाताला लागतं, म्हणून जेवणाआधी हात साबणाने धुवा.