आजीबाईंचा बाक

आज मी तुम्हाला आफ्रिकेतल्या काही आज्यांची हकिगत सांगणार आहे. देशाचं नाव झिंबाब्वे, राजधानी हरारे. हा देश तसा लांबचा, पण गोष्ट ऐकाल तर म्हणाल, ही आमच्याच आळीतली आहे.

आधी एक शब्द सांगते. तिथल्या शोना भाषेत म्हणतात 'कुफुंगिसिसा'. सरळ अर्थ, फार विचार करणं. बाई दवाखान्यात जाते आणि सांगते, मला कुफुंगिसिसा झालंय. झोप लागत नाही, डोकं दुखतं, छातीत धडधडतं, हातून काम होत नाही. आपल्याकडे काय वेगळं बोलतात? 'विचार करून करून डोकं फुटायला आलंय', 'जिवाला घोर लागलाय', 'तिनं मनाला फार लावून घेतलंय'. 'मला नैराश्य आलंय' असं सांगत दवाखान्याची पायरी चढलेली बाई तुम्ही पाहिली आहे का? मी तरी नाही. आपण सांगतो ते डोक्याचं, पाठीचं, अंगातल्या कणकणीचं. डॉक्टर गोळी देतो, आपण घरी येतो, आणि घोर होता तिथंच राहतो.

आता थोडं मागं जाऊ.

१८९० साली इंग्रजांच्या एका कंपनीची माणसं त्या मुलखात घुसली आणि जमिनी बळकावून बसली. देशाला त्यांनी ऱ्होडेशिया हे नाव दिलं, सेसिल ऱ्होड्स या आपल्याच म्होरक्याचं. शहरं गोऱ्यांची. काळ्या माणसानं शहरात यायचं ते मजुरीपुरतं, आणि राहायचं शहराबाहेरच्या वस्तीत. खोली मिळायची ती नोकरी करणाऱ्या पुरुषाच्या नावावर. बाईच्या नावावर शहरात जागाच नव्हती. तिनं गावाकडं राहावं, शेत कसावं, पोरं वाढवावीत असा हिशोब होता. गिरणीच्या काळात कोकणातल्या आणि घाटावरच्या कितीतरी घरांनी हेच पाहिलं. नवरा मुंबईला, बायको गावाला.

तरीही बाया शहरात यायच्याच. कुणी नवऱ्याच्या शोधात, कुणी मारझोडीला कंटाळून, कुणी पोटासाठी. अशी एकटी बाई रस्त्यानं चालताना दिसली की सरकारला संशय. १९०८ साली बुलावायो शहरात इंगुत्शेनी नावाचं वेड्यांचं इस्पितळ उघडलं. लिनेट जॅक्सन या इतिहासकार बाईंनी त्या इस्पितळाचे जुने कागद वाचून पुस्तक लिहिलं आहे. त्यातून दिसतं, की काही बाया तिथं पोचल्या त्या मुख्यतः नको त्या ठिकाणी सापडल्या म्हणून. रस्त्यात भटकताना, कुणाची कोण हे सांगता न येणाऱ्या. बाई घराबाहेर, मोकळी, हीच खूण धरली गेली. 'ही फिरते, म्हणजे हिचं डोकं ठिकाणावर नाही' हे वाक्य आपल्या कानांना काही नवं नाही.

याच्या उलटी गंमतही झाली. गंमत कसली, चीडच येते. केनियात नोकरी केलेला कॅरोदर्स नावाचा एक गोरा डॉक्टर होता. त्याचं म्हणणं असं, की आफ्रिकन माणसाला उदासीचा आजार फारसा होतच नाही, कारण त्याच्या मनाची तेवढी वाढच झालेली नाही. हे तो कट्ट्यावर बसून बोलला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९५३ साली त्याचं पुस्तक छापलं. जमीन गेली, घर गेलं, नवरा खाणीत, पोर मेलं, आणि वर शास्त्र सांगतंय की तुला दुःख होतच नाही! दुःखाची दखलच घेतली नाही की त्यावर इलाज करायचा प्रश्नही उरत नाही. इथंही कितीतरी काळ 'त्यांना काय, सवय असते' असंच काही जातींच्या, काही वस्त्यांच्या बायांबद्दल म्हटलं गेलं. अजूनही म्हटलं जातं.

१९८० साली देश स्वतंत्र झाला आणि झिंबाब्वे हे नाव आलं. १९९०च्या सुमारास हरारेच्या वस्त्यांमध्ये काही डॉक्टरांनी घरोघरी जाऊन बायांशी बोलायला सुरुवात केली. मेलानी अबास या त्यातल्या एक. उदासीचा आजार तिथं होता, आणि बायांमध्ये भरपूर होता. तो कशातून येतो हेही बोलण्यातून निघालं. नवऱ्यानं केलेला अपमान, घरातली कोंडी, सुटायला वाट नाही अशी परिस्थिती. बाया त्याला कुफुंगिसिसा म्हणत होत्या. डॉक्टर तो शब्द शिकले, हे मला या सगळ्या इतिहासातलं मोठं वळण वाटतं. बाईनं डॉक्टरची भाषा शिकायची, ही जगाची रीत. इथं उलटं झालं.

त्याच काळात आपल्या मुंबईत जन्मलेले विक्रम पटेल हे मनोविकारतज्ज्ञ हरारेत काम करत होते. त्यांनी आणि तिथल्या सोबत्यांनी शोना माणसं आपलं दुखणं कसं सांगतात ते ऐकून, त्यांच्याच शब्दांत चौदा प्रश्नांची एक यादी बनवली. इंग्रजी यादीचं भाषांतर नव्हे, मुळातूनच शोना. गेल्या आठवड्यात फार विचार करत होतात का, झोप मोडली का, रडू येत होतं का, जीव नकोसा वाटला का, अशा धर्तीचे प्रश्न. उत्तर फक्त हो किंवा नाही. ही यादी पुढं आज्यांच्या हातात गेली.

पुढं विक्रम पटेल गोव्याला आले आणि १९९६ साली सोबत्यांसह 'संगत' ही संस्था उभी केली. म्हापशाच्या इस्पितळातल्या बाळंतिणींचा त्यांनी अभ्यास केला. बाळंतपणानंतर उदासी कुणाला धरते? गरिबी, नवऱ्याची मारहाण, आणि मुलगी झाली हे कारण. आणखी एक अभ्यास तर आपल्या अगदी जिव्हाळ्याचा, अंगावरून पांढरं जाण्याचा. गोव्यातल्या सुमारे अडीच हजार बायांची तपासणी केली. दिसलं असं, की ही तक्रार सांगणाऱ्या पुष्कळ जणींना जंतूंचा संसर्ग नव्हताच, आणि या तक्रारीचं नातं मनावरच्या ताणाशी जास्त घट्ट होतं. म्हणून तपासणी टाळू नका बरं का, संसर्ग असेल तर औषध लागतंच. पण गोळ्यांचा कोर्स तीनदा करूनही ज्यांचं थांबत नाही, त्यांना कुणीतरी 'घरात कसं चाललंय?' असंही विचारायला हवं.

आता हरारेकडे परत. २००५ सालचा मे महिना. सरकारनं मोहीम काढली, 'मुरांबात्स्विना', म्हणजे घाण हटवा. गरिबांच्या झोपड्या, मागच्या अंगणातल्या भाड्याच्या खोल्या, भाजीच्या टपऱ्या, सगळ्यांवर बुलडोझर. संयुक्त राष्ट्रांच्या दूत आना तिबायजुका यांनी चौकशी करून अहवाल दिला, की सुमारे सात लाख माणसांचं घर किंवा रोजगार, किंवा दोन्ही गेलं. 'घाण' म्हणजे कोण, हे ज्यांनी अतिक्रमण हटावची गाडी दारात आलेली पाहिली आहे त्यांना सांगायला नको. गोरं राज्य जाऊन पंचवीस वर्षं झाली होती. शहरात गरिबाला जागा नाही, हे मात्र गेलं नव्हतं.

त्याच सुमारास डॉक्टर डिक्सन चिबांडा यांच्या एका तरुण रुग्ण मुलीनं जीव दिला. तिच्या आईला तिला त्यांच्याकडे न्यायचं होतं, पण बसच्या भाड्याचे पंधरा डॉलर नव्हते. डॉक्टरांनी ही गोष्ट जाहीरपणे अनेकदा सांगितली आहे. सव्वा कोटींच्या देशात मनाचे डॉक्टर बोटांवर मोजण्याइतके, आणि तेही शहरात. डॉक्टर इस्पितळात बसून वाट पाहणार आणि बाई भाड्यापायी घरीच राहणार, हे कसं चालायचं?

२००६ साली त्यांनी म्बारे या जुन्या मजूरवस्तीत काम करायचं ठरवलं. पैसे नव्हते, दवाखान्यात खोली नव्हती, नर्सबाईंना उसंत नव्हती. होत्या त्या चौदा आज्या. शहराच्या आरोग्य खात्यासाठी वस्तीत फिरणाऱ्या, लोक त्यांना 'अंबुया उतानो' म्हणत, म्हणजे आरोग्याच्या आजीबाई. शिक्षण जेमतेम. पण एड्सनं घरातली कर्ती पिढी नेलेल्या त्या काळात नातवंडं सांभाळणाऱ्या, मयतं पाहिलेल्या, वस्तीतलं कोण कुणाचं हे जाणणाऱ्या बाया. खोली नाही तर नाही. दवाखान्याच्या आवारात झाडाखाली एक लाकडी बाक टाकला.

पहिल्यांदा बाकाला 'मानसिक आरोग्याचा बाक' असं नाव होतं. कुणी फिरकेना. आज्या म्हणाल्या, असल्या नावाच्या बाकावर कोण बसेल? चारचौघांत वेडं ठरायला? मग नाव झालं 'चिगारो चेकुपानामाझानो', एकमेकींना सल्लामसलत देण्याचा बाक. इंग्रजीत त्याला मैत्रीचा बाक म्हणतात. आजारांची इंग्रजी नावं आज्यांनी घेतली नाहीत. कुफुंगिसिसाच म्हणायचं, असं ठरलं.

काम कसं चालतं ते नीट सांगते, कारण खरी बात तिथंच आहे. बाई दवाखान्यात येते बाळाच्या लसीसाठी, रक्तदाबासाठी, एचआयव्हीच्या औषधांसाठी. तिला चौदा प्रश्न विचारतात. नऊ किंवा जास्त उत्तरं 'हो' आली तर तिला बाकावर पाठवतात. पहिली पायरी 'कुवुरा फुंग्वा', मन उघडणं. आजी गप्प बसून ऐकते. बाई सगळं ओतते. नवरा, कर्ज, भाडं, आजार, सासू. मग आजी विचारते, यातलं आधी कशाला हात घालू या? निवड बाईची. आजीनं मध्ये पडून 'तू असं कर' म्हणायचं नाही, आणि आज्यांना शिकायला हेच जड गेलं असणार! कोणत्या आजीला उपदेश न करता राहवतं? दुसरी पायरी 'कुसिमुद्झिरा', उभारी देणं. उपाय छोटा हवा, आठवड्यात जमेल एवढा. अमक्याकडे उसने मागायचे, तमक्या ऑफिसात चौकशी करायची. तिसरी 'कुसिंबिसा', बळकट करणं. बाई परत येते, काय जमलं, काय अडलं ते सांगते, पुढचं ठरतं. अशा सहा बैठका. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार कुणी बोलून दाखवला, तर आजी ते स्वतःकडे ठेवत नाही, लगेच वरच्या प्रशिक्षित माणसाला कळवते.

शहाण्या लोकांना पुरावा लागतो. तो २०१६ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. हरारेचे २४ दवाखाने, ५७३ माणसं, त्यात शंभरात सुमारे ८६ बाया. निम्म्या दवाखान्यांत आज्यांचा बाक, निम्म्यांत नेहमीचे उपचार जरा वाढवून. सहा महिन्यांनी पाहिलं, तर नेहमीच्या उपचारांकडे शंभरातल्या जवळजवळ ५० जणांना अजून उदासीची लक्षणं होती. बाकाकडे शंभरात १४ पेक्षा कमी.

माझं एक मत सांगते, तुम्ही गटात त्यावर भांडा. बाकावर बसून पाडलेलं घर परत येत नाही. नवऱ्याची मारहाण हा बायकोच्या डोक्यातला आजार नाही, आणि तो तसा ठरवला तर अन्याय करणारा मोकळा सुटतो. मनाच्या उपचारात हा धोका कायम आहे. बाई शांत झाली की सगळ्यांना बरं वाटतं. पण म्बारेच्या बाकावर पहिला प्रश्न लक्षणांचा संपला की दुसरा जगण्याचा येतो, आणि अडचण कोणती ते बाईच ठरवते. ती भाडं म्हणाली तर भाडं, मारहाण म्हणाली तर मारहाण. म्हणून मला तो पटतो. दुसरी गोष्ट कष्टांच्या मोलाची. म्हाताऱ्या बायांचं शहाणपण औषधाचं काम करत असेल, तर त्याला दामही औषधासारखा मिळायला हवा. आपल्या आशाताईंना विचारा, त्या याच्यावर तासभर बोलतील.

बाकावरच्या बैठका झाल्या की बाई गटात येते. त्याचं नाव 'कुबताना तोसे', सगळ्यांनी हात धरणं. गोल करून बसतात, जुन्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या विणून पिशव्या करतात, आणि विणता विणता बोलतात. पिशवी विकली की चार पैसेही येतात. पहिल्यांदा आलेली बाई बोलत नाही, नुसती विणते, तेही चालतं.

आपल्याकडे मन फार जड झालं, जीव नकोसा वाटला, तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे. दिवसा-रात्री कधीही लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. वहीत लिहून ठेवा, आणि गटाच्या पुढच्या बैठकीत सगळ्यांना सांगा.