कर्करोग हाडांतच का उतरतो?

रशियातल्या तुवा प्रदेशात, अर्झान इथल्या एका टेकाडाखाली सुमारे २,७०० वर्षांपूर्वीचा सिथियन राजा सापडला. सोबत हजारो सोन्याच्या वस्तू होत्या. अभ्यासकांना मात्र त्याच्या हाडांनी बुचकळ्यात टाकलं, कारण सांगाड्यावर जागोजागी रोगाच्या खुणा होत्या. निदान झालं: प्रोस्टेटमधून हाडांत पसरलेला कर्करोग.

रोग जुना, पण त्याच्या वाटचालीचा नीट विचार झाला तो १८८९ मध्ये. लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदी चाळल्या. रक्तच रोग वाहून नेत असेल, तर यकृताला आणि प्लीहेला तो सारखाच गाठायला हवा. प्रत्यक्षात यकृतात तो २४१ रुग्णांमध्ये होता, प्लीहेत अवघ्या १७. हाडांमध्येही काहींवरच त्याचा डोळा दिसत होता. बी कुठेही पडो, रुजतं ते मानवेल त्या जमिनीत, असा निष्कर्ष पॅजेट यांनी काढला.

तो फारसा कुणी मनावर घेतला नाही. १९२८ मध्ये अमेरिकेच्या जेम्स युइंग यांनी सारं श्रेय रक्ताच्या आणि लसिकेच्या वाटांना दिलं. १९४० मध्ये ऑस्कर बॅटसन यांनी तशी एक वाट दाखवूनही दिली: ओटीपोटातून थेट मणक्यांकडे जाणारं, झडपा नसलेल्या शिरांचं जाळं. प्रोस्टेटचा रोग पाठीच्या कण्यात का जातो, याचं उत्तर मिळाल्यासारखं वाटलं.

ते अर्धंच होतं. हाड सतत झिजतं आणि नव्याने भरतं. तिथे पोचलेल्या कर्कपेशी हाड कुरतडणाऱ्या पेशींना चेतवतात. हाड विरघळताना त्यात साठलेले वाढीचे घटक सुटतात आणि त्यांवर कर्कपेशी आणखी पोसतात. प्रोस्टेटच्या रोगात बहुधा उलट, वेडंवाकडं नवं हाड वाढतं.

ही जमीन कळल्यावर उपचारही तिकडे वळले. झोलेड्रोनिक आम्ल आणि २०१० पासून डेनोसुमॅब ही औषधं हाडाची झीज रोखतात, फ्रॅक्चर टाळायला मदत करतात. दुखऱ्या जागी किरणोपचाराची एकच मात्राही अनेकांना आराम देते. मूळ रोगावरचा उपचार अर्थातच चालू राहतो, कारण हाडात गेलेला स्तनाचा कर्करोग हा स्तनाचाच कर्करोग असतो.

पूर्वी कर्करोग होऊन गेलेल्या माणसाची पाठदुखी हटत नसेल, तर ती वयावर ढकलू नये. पायांतली ताकद गेली किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.