महिलांची ५,००० मीटर शर्यत, २० वर्षांखालील जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धा (२०१८)

फिनलंडमधील टांपेरे येथील रातिना स्टेडियममध्ये १० जुलै २०१८ रोजी झालेली दीर्घ पल्ल्याची शर्यत. ४०० मीटरच्या धावपट्टीवर साडेबारा फेऱ्यांचे हे अंतर. कोणत्याही केनियन मुलीला हे विजेतेपद त्यापूर्वी मिळाले नव्हते. आधीच्या अनेक स्पर्धांत इथिओपियाचाच वरचष्मा होता. टांपेरेतही लढत याच दोन देशांत रंगली. केनियाच्या अठरा वर्षांच्या बीट्रिस चेबेटने १५ मिनिटे ३०.७७ सेकंदांत अंतिम रेषा गाठली. इथिओपियाची एजगायेहू ताये केवळ ०.१० सेकंदाने मागे पडली. पाच किलोमीटर धावून उरलेला फरक जेमतेम पावलाभराचा. कांस्यपदकही इथिओपियाकडेच गेले.

कनिष्ठ गटातले यश पुढे टिकतेच असे नाही. चेबेटचे टिकले. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तिने ५,००० व १०,००० मीटर ही दोन्ही सुवर्णपदके जिंकली आणि २०२५ मध्ये युजीन येथे १३ मिनिटे ५८.०६ सेकंद अशी वेळ नोंदवून ५,००० मीटर १४ मिनिटांच्या आत धावणारी ती पहिली महिला ठरली. तायेने २०२३च्या जागतिक स्पर्धेत १०,००० मीटरचे कांस्य मिळवले.

भारतीयांना मात्र टांपेरे आठवते ते दोनच दिवसांनी हिमा दासने जिंकलेल्या ४०० मीटरच्या सुवर्णामुळे.