मॅक्रो छायाचित्रण : प्रारंभ

लहान वस्तूची प्रतिमा कॅमेऱ्याच्या संवेदकावर मूळ आकाराएवढी, म्हणजे १:१ प्रमाणात, उमटवणारी छायाचित्रणपद्धती. तिच्या प्रारंभी महागड्या लेन्सपेक्षा प्रकाशाची जाण महत्त्वाची ठरते. भिलाई पोलाद कारखान्याला पाणी पुरवणाऱ्या मरोदा जलाशयाच्या काठी चतुराचा डोळा टिपण्यास ५० मिमी. लेन्समागे ५० मिमी. एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स व कॅमेरा यांमधील पोकळ नळी) पुरते. ट्यूबमुळे प्रकाश सुमारे एक-चतुर्थांशावर येतो, हा आक्षेप रास्त आहे. परंतु या प्रमाणात मॅक्रो लेन्सही बराच प्रकाश गमावते. फार जवळ गेल्याने कीटक बिचकतो, हेही खरे. मात्र पहाटेच्या गारव्यात तो सुस्त असतो. ॲपर्चर अतिलहान केल्यास विवर्तनामुळे तपशील पुसट होतात, म्हणून ते टाळावे आणि प्रकाशाची उणीव फ्लॅशने भरावी. नवशिक्याने आधी ट्यूब व फ्लॅश घ्यावेत. मॅक्रो लेन्स नंतर.