जोर न लावता जोडणे

बंद पडलेला सीडी प्लेअर उघडला, की सरकणाऱ्या भिंगाबरोबर वाकणारी एक पातळ पट्टी दिसते. तारांचे काम तिच्यातील तांब्याच्या रेघा करतात. कल्पना जुनी आहे. १९०३ साली आल्बर्ट हॅन्सन यांनी मेणकागदावर सपाट धातुपट्ट्या बसवण्याचे ब्रिटिश पेटंट मागितले. पण मेण सोल्डरिंगच्या उष्णतेने वितळते. ती उष्णता सोसणारी पॉलिइमाइडची फिल्म १९६० च्या दशकात आली आणि पट्टीचा प्रश्न सुटला.

जोडाचा मात्र उरला. नेहमीची पिन घर्षणाने घट्ट बसते, म्हणून ती घालताना जोर लागतो. पट्टी तशी ढकलली तर दुमडते. तिचे तांबे खरवडते. यावर उपाय म्हणून पकडणे आणि घालणे ही दोन कामे वेगळी केली गेली. पट्टी सैल खाचेत अलगद सरकवायची, मग बारीकशी कडी लावायची. तेव्हाच आतील स्प्रिंगा रेघांवर दाबल्या जातात. हाच 'झिरो इन्सर्शन फोर्स' जोड.

वर्गात असे यंत्र सेल काढून उघडताना आपण पट्टी ओढू नये. आधी कडी सोडवावी. बिघाड पुष्कळदा तारेत नसतो, जोडात असतो; आणि तो कधी कधी आपल्याच घाईने होतो.