बी. बी. सी. चा संगणक

नभोवाणीचे काम बोलण्याचे. अशा संस्थेने स्वतःच्या नावाचे एक यंत्र बाजारात आणावे, ही गोष्ट प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. ब्रिटनच्या बी. बी. सी. ने १९८१ साली नेमके तेच केले.

या गोष्टीचा प्रारंभ १९७८ मधील एका माहितीपटाने झाला. नखाएवढ्या सिलिकॉन चिपमुळे किती कामगारांच्या हातचे काम जाईल, हा त्याचा विषय होता. तो पाहून देशात चिंता पसरली. पण भय दाखवून स्वस्थ बसणे बी. बी. सी. च्या शिक्षणविभागाला प्रशस्त वाटेना. लोकांना संगणक शिकवावा असे ठरले. मात्र काठावर बसवून कोणास पोहणे शिकविता येत नाही. शिवाय त्या काळी प्रत्येक कंपनीची ‘बेसिक’ भाषा निराळी. तेव्हा मालिकेबरोबर एक ठरावीक यंत्रही हवे, असा निर्णय झाला.

प्रथम ज्या यंत्राचा विचार झाला ते वेळेवर सिद्ध होईना. मग इतरांना संधी मिळाली. त्यांत केंब्रिजची एकॉर्न ही लहानशी कंपनी होती. तिचे एक चालक हर्मन हाउझर यांनी सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर या दोघा तरुण तंत्रज्ञांना आठवड्याभरात नमुना होईल काय, असे विचारले. आणि विचारताना दुसऱ्याने होकार दिलाच आहे, असे प्रत्येकास सांगितले! सोमवारी काम सुरू झाले. अहोरात्र खपूनही यंत्र चालेना. अखेर हाउझर यांनी सुचविल्यावरून चाचणीयंत्राशी जोडणारी एक तार तोडली, आणि शुक्रवारी सकाळी, पाहुणे येण्यापूर्वी, यंत्रात जीव आला.

सुमारे १२,००० यंत्रे खपतील, असा अंदाज होता. खपली १५ लाखांवर. (अंदाजपत्रके करणाऱ्या आम्हा मंडळींनी याची नोंद घ्यावी.) तथापि ३९९ पौंडांचे मोठे यंत्र सामान्य गृहस्थाच्या आवाक्यातले नव्हे. घरांपेक्षा ते शाळांत अधिक रुजले, कारण शाळांसाठी निम्मी किंमत सरकार सोसत असे. त्याचा खरा गुण म्हणजे त्याचे उघडेपण. त्याला दिवे, मोटारी, तापमापक जोडता येत, आणि आत काय चालले आहे हे पुस्तिकेत सविस्तर सांगितलेले असे. पुढे विल्सन आणि फर्बर यांनी ‘आर्म’ चिपची रचना केली, तिची प्रतिकृती याच यंत्राच्या बेसिकमध्ये ८०८ ओळींत लिहिली गेली. २६ एप्रिल १९८५ रोजी पहिली चिप चालू लागली. आज बहुतेक भ्रमणध्वनींत तिचाच वंश नांदतो.

आपल्या देशाशीही या यंत्राचा संबंध आला. १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ योजनेखाली सुमारे २५० शाळांत ते आले. तांबड्या कळांची ती ओळ काही श्रोत्यांना आठवतही असेल. परंतु ब्रिटनमध्ये यंत्रामागे दूरचित्रवाणीची मालिका होती, पुस्तक होते, शिक्षकांची तयारी होती. आपल्याकडे यंत्र पुढे आले आणि शिक्षक मागे राहिले. शिकविण्याचे कार्यक्रमही आले ते इंग्रजीत, ब्रिटनमधील वर्गांसाठी रचलेले. जे आणण्यास सर्वांत सोपे, ते मात्र आपण तत्परतेने आणले.